मोत्या, मी आणि तुपाची वाटी

माणसाने कुत्र्यामागे धावावे की कुत्र्याने माणसामागे, हा प्रश्न आपल्याकडे नामदेव महाराजांनी सातशे वर्षांपूर्वीच निकालात काढलेला आहे. महाराजांची भाकरी कुत्र्याने पळवली, तेव्हा महाराज हातात काठी नव्हे, तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. देवा, कोरडी भाकरी कशाला खातोस, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ही गोष्ट मी तिसरीत ऐकली. गुरुजींनी तात्पर्य विचारलं. मी म्हणालो, "भाकरी उघडी ठेवू नये." त्याबद्दल दोन छड्या मिळाल्या.

साठेक वर्षांनी मीही एका कुत्र्यामागे धावलो. भर दुपारी, नाशकात, दोनअडीचशे लोकांसमोर. फरक एवढाच, की माझ्या हातात वाटी नव्हती. असलेली भाकरीसुद्धा त्यांनी आधीच काढून घेतली होती.

पण हे सगळं क्रमाने सांगायला हवं. मी क्रमाचा माणूस आहे. उभी नोकरी मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. म्हणजे खिडकीमागे बसायचं, समोर वही, गळ्यात शिट्टी, तोंडापुढे कर्णा; आणि शहादा कुठे लागली, शिरपूर कधी सुटणार, धुळ्याची का आली नाही, हे सांगायचं. गाडीमागे लोक धावायचे, मी बघायचो. पस्तीस वर्षांत मी स्वतः कशाच्याही मागे धावल्याचं स्मरत नाही. शिट्टी वाजवली की पन्नास माणसं भरलेली गाडी हलायची. अशा माणसाला निवृत्तीनंतर घरात कोणी विचारत नाही, हे दुःख ज्याचं त्यालाच कळतं. घरात मी "धुणं वाळत घाला" असं फर्मावलं, की हिचं उत्तर यायचं, "घाला."

मोत्या आमच्याकडे आला तो बिनतिकिटाचा प्रवासी म्हणून. एका पावसाळ्यात ओट्याखाली शिरला आणि उतरलाच नाही. रंग कळण्याच्या भाकरीसारखा, म्हणजे काळपट, मधूनच उजळ. एक कान उभा, दुसरा विचारात पडलेला. जात विचारली तर गावठी. सभ्य भाषेत देशी. दोंडाईच्यात असे मोत्ये गल्लीला दहा सापडतील. मी त्याला हाकलायला शिट्टी वाजवली, तर तो शेपूट हलवत माझ्याकडे बघत बसला. हिने आतून नुसतं "च्" केलं, तर उठून पायरीवर जाऊन बसला. घरातली सत्ता कोणाच्या हाती आहे हे ओळखायला माझ्या जावयाला चार वर्षं लागली होती. मोत्याला चार मिनिटं लागली.

आता शर्यतीचं खूळ कुठून आलं ते सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलो. सारंगखेडा आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटर, तापीच्या काठी. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला म्हणून, नाहीतर आमच्याच धुळे जिल्ह्यातलं. एकमुखी दत्ताचं देऊळ आणि त्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, राजस्थानातून आलेले, पंजाबातून आलेले, एकेक घोडा असा की त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढला तर आपण त्याचे नोकर दिसावं. गिऱ्हाइकं दात बघतात, अंगावरचे भोवरे बघतात आणि किंमत ऐकून आपल्याच अंगावरचे भोवरे चाचपतात. घोडे नाचतात, पळतात, बक्षिसं मिळवतात. दर्शन घेऊन बाहेर पडताना ही म्हणाली, "अहो, दत्ताच्या तसबिरीत पायाशी कुत्री चार. घोडा एकही नाही. मग यात्रा घोड्यांची का हो?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मी चौकशीच्या खिडकीवर म्हणायचो ते म्हणालो, "बघावं लागेल."

बरोबर भाचा होता. हा मिरचीचा टेम्पो चालवतो आणि उरलेला वेळ मोबाइल. तो म्हणाला, "मामी, कुत्र्यांच्याही शर्यती असतात. हे बघा." आणि त्याने तो डबीएवढा सिनेमा आमच्यापुढे धरला. हिरव्या मैदानावर एक कुत्रं आडव्या बांबूंवरून उड्या मारतंय, कापडी नळीतून शिरतंय, टांगलेल्या टायरातून झेपावतंय, डुगडुगत्या फळीवरून चालतंय, आणि शेजारून एक बाई हात दाखवत धावतेय.

या खेळाचं नाव अ‍ॅजिलिटी. मराठीत चपळाई म्हणता येईल. मी नंतर नीट माहिती काढली, कारण चौकशीच्या खिडकीचा माणूस अर्धवट माहितीवर जगत नाही. हा खेळ जन्मला १९७८ साली, लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात. तिथे क्रफ्ट्स नावाचं कुत्र्यांचं मोठं प्रदर्शन भरायचं. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षक कंटाळून चहाला उठतात, त्यांना बसवून ठेवायला काहीतरी हवं, म्हणून जॉन व्हार्ली नावाच्या समितीतल्या गृहस्थांनी पीटर मीनवेल या शिक्षकाला हाताशी धरून घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीची नक्कल कुत्र्यांकडून करवली. लोक चहा विसरले. दोन वर्षांत तिकडच्या केनेल क्लबने खेळाला मान्यता दिली. म्हणजे घोड्याचा खेळ कुत्र्याकडे जाण्याची वाट आधीच पडलेली होती. सारंगखेड्याहून दोंडाईच्याला येणं त्या मानाने काहीच नाही.

"फेब्रुवारीत नाशकात आहे," भाचा म्हणाला. "शनिवार-रविवार. जातिवंतांचं वेगळं, पण रविवारी दुपारी एक गट कोणत्याही कुत्र्याला खुला आहे."

मोत्याकडे वंशावळ नव्हती, पण रविवार दुपार मोकळी होती. मी नाव नोंदवून टाकलं. मालकाच्या रकान्यात माझं नाव, धावणाऱ्याच्या रकान्यातही माझंच. हिने विचारलं, "धावणार कोण?" मी म्हटलं, "मोत्या." ती म्हणाली, "आणि शेजारून?" तेव्हा त्या मोबाइलमधली धावणारी बाई मला प्रथमच नीट आठवली.

तयारी सुरू झाली. परसात दोन रंगाच्या डब्यांवर बांबू आडवा ठेवला. कडुनिंबाला टेम्पोचं टायर टांगलं. विटांवर फळी टाकून डुगडुगती केली. नळीच्या जागी गल्लीच्या तोंडाशी कित्येक वर्षं पडून असलेला सिमेंटचा पाइप होता. मी रोज सकाळी शिट्टी घेऊन उभा राहायचो. मोत्या उडी मारायचा, पण बांबूच्या अलीकडे. पाइपात शिरायचा, पण आत निजायचा. त्याला दाखवण्यासाठी एकदा मी स्वतः पाइपात वाकून शिरलो. मधोमध पोचल्यावर पुढच्या तोंडाशी मोत्या बसलेला दिसला, मागच्या तोंडाशी गल्ली. त्यातलेच एक शेजारी वाकून म्हणाले, "नाना, कुत्रा तुम्हले पयाडी ऱ्हायना, का तुम्ही कुत्राले?"

या खेळात सगळ्यांत अवघड काम म्हणजे बारा खांब. ओळीत बारा काठ्या रोवलेल्या असतात. पहिली काठी डाव्या खांद्याशी ठेवून कुत्र्याने आत शिरायचं, मग एक उजवीकडून, एक डावीकडून, असं नागमोडी जायचं. एकही काठी सोडायची नाही. मी बारा पऱ्हाट्या रोवल्या. मोत्याने त्या हुंगल्या, त्यातल्या चारांवर आपला हक्क नोंदवला आणि निघून गेला. शेव दाखवली तर शेव खायचा आणि ढेकर देऊन बाजूने जायचा. तीन आठवड्यांत माझं वजन दोन किलो उतरलं, त्याचं तेवढंच वाढलं.

आता इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. हिचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, वाट्या बदला. ही म्हणायची, "देवाने दिलेल्या वाट्या आहेत, बोहारणीला द्यायच्या नाहीत." मी पैशांची सोय केली, मुलीने रजेची केली, जावयाने सुद्धा काहीतरी केली, पण बाई बधली नाही. भीती वाटते असं कधी म्हणाली नाही. हसायची, विषय वाटीभर विरजणासारखा झाकून ठेवायची आणि भिंत धरून स्वयंपाकघरात जायची. जिना सोडला, मग देऊळ सोडलं, मग ओट्याची पायरीसुद्धा नको झाली. सारंगखेड्याला आली तीसुद्धा टेम्पोत बसून, आणि देवळाशी भाच्याच्या खांद्यावर. मी गाड्यांचं वेळापत्रक पाठ असलेला माणूस. पण आपल्या घरात काय हळूहळू बंद पडत चाललंय, त्याची नोंद कोणत्या वहीत करायची ते मला समजत नव्हतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. ही टीव्हीपुढून हलेना. मला वाटलं, गुडघ्यामुळे. अंतिम सामना भारताच्या मुलींचा नेपाळशी. आपल्या मुली जिंकल्या, ७८ विरुद्ध ४०. कप्तान प्रियंका इंगळे, महाराष्ट्राची. बायकोच्या डोळ्यांत पाणी. मी घाबरून विचारलं, "गुडघा?"

"नाही हो. साखळी."

मी गळ्यात हात घालून चाचपायला लागलो, कारण सोन्याचे भाव तुम्हाला माहीतच आहेत. "ती नव्हे," ही म्हणाली. "खो-खोतली. बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळायचं, त्याला साखळी म्हणतात. आठ जणी बसलेल्या, एकीच्या पुढून, एकीच्या मागून. धुळ्याला शाळेत असताना मी साखळी धरली की मला कोणी बाद करत नसे."

मग पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. शालूच्या घडीत एक प्रमाणपत्र निघालं. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेचं. साल १९७८. तिकडे लंडनला साहेब कुत्र्याला उड्या शिकवत होता, त्याच साली इकडे धुळ्याला ही साखळी पळत होती. आमचं लग्न १९८१ चं. त्रेचाळीस वर्षं त्या पलंगावर मी झोपतो आहे. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, की तू पळायचीस का? तिने सांगितलं नाही, कारण सासरी पळण्याचा प्रसंग फक्त दूध उतू गेल्यावर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात खुर्ची आली. खुर्चीत ही. मांडीवर भाकरीचे तुकडे. मला हुकूम झाला, "त्या काठ्या उपटा. आधी दोन रोवा. दोनच. पहिल्याच दिवशी कोणी साखळी पळतं का?" मग दोनच्या चार, चारच्या आठ. "आठ झाले. इथवर आमचा खो-खो. आता वरचे चार साहेबाचे." आणि शिट्टी माझ्या गळ्यातून काढून खुंटीला लावली. आज्ञा एकच. कुत्रा बसलेला असायचा. ही हळूच, पण टणत्कार काढल्यासारखं म्हणायची, "खो!" की उठायचं आणि सुटायचं. "खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, मिळाला की थांबायचं नाही," एवढाच नियम. तो मोत्याला मान्य झाला. तिसऱ्या आठवड्यात तो बारा काठ्यांमधून असा जायला लागला, की शेपूट नक्की कोणत्या काठीशी आहे ते कळेना.

अडचण एकच राहिली. खो मी दिला तर तो उठत नसे. दोष माझ्या आवाजाचाही नव्हता, दोष गावाचा होता. दोंडाईचा म्हणजे मिरचीची पेठ. हंगामात लाल मिरची आली की वाऱ्याबरोबर ठसका येतो आणि अख्खं गाव खो-खो करतं. मोत्या लहानपणापासून हे ऐकत आलेला. त्यामुळे खरा खो कोणता आणि खोकला कोणता, हे तो बरोबर ओळखायचा. माझा खो त्याच्या हिशेबी खोकला होता.

नाशकाला आम्ही टेम्पोने गेलो. पुढे भाचा, मामी आणि मी. मागे रिकाम्या गोण्यांवर मोत्या. गोण्या मिरचीच्या. लळिंगच्या किल्ल्याखालून जाताना मागून पहिली शिंक आली. मालेगावपर्यंत मी मोजत होतो, चांदवडच्या घाटात सोडून दिलं. शेवटी मोत्याला पुढे घेतलं आणि मी मागे गेलो. उरलेल्या शिंका मी दिल्या. धर्मराजाने शेवटच्या प्रवासात कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दारात रथ अडवून धरला होता म्हणतात. पण त्यालाही मागे मिरचीच्या गोण्यांवर बसायला सांगितल्याचं महाभारतात कुठे नाही.

मैदानावर पोचल्यावर आम्हा दोघांचीही छाती दडपली. एकेक कुत्रं असं की त्याला अहोजाहो करावं. केस विंचरलेली, नखं कापलेली, सावलीत पंख्याखाली बसलेली. एका बाईंनी विचारलं, "ब्रीड कोणतं?" भाचा म्हणाला, "खानदेशी." बाईंनी मान डोलावली. मोत्यानेही डोलावली.

धावण्याआधी आखणी पायी बघायची मुभा असते. सगळे स्पर्धक रिंगणात रिकाम्या हाताने वळत, हात हलवत, नसलेल्या कुत्र्यांशी बोलत हिंडत होते. बाहेरून बघणाराला वाटावं, इस्पितळातून मोकळे सोडलेत. मीही हिंडलो. मग नियम सांगितले. कुत्र्याला पट्टा नको. हात लावायचा नाही. हातात, खिशात खाऊ नको. कुत्र्याने अडथळ्यापुढे थांबून नकार दिला तर गुण कापणार. तीन नकार झाले की बाद. शेवटी एका तरुणाने माझ्या खिशातून अडीच भाकरीचे तुकडे आणि शेवेची पुडी काढून टेबलावर ठेवली. पुडी मला परत मिळाली नाही. वासावरून तिचं काय झालं असावं याचा अंदाज आहे.

आमचा पुकारा झाला. मी आणि मोत्या रेषेवर. ही दोरीबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीत, भाच्याने आणून दिलेल्या छत्रीखाली. शिट्टी झाली. मी पळालो. मोत्या बसून राहिला. दहा पावलांवर मला कळलं, की मी एकटाच स्पर्धेत आहे. परत आलो. लोक हसायला लागले. पहिला नकार. "चल रे मोत्या, चल राजा," मी म्हटलं. आणि मला धापा टाकताना पाहून त्याला दया आली असावी. तो उठला. पहिला बांबू, दुसरा बांबू, टायर! टायरातून असा गेला की भाचा ओरडला. डुगडुगती फळी. नळी. नळीत मात्र तो शिरला आणि सवयीने आत बसला. तोंडाशी वाकून मी अजिजी केली. बाहेर आला तो शिरल्या तोंडाने. दुसरा नकार. परत आत घातला, यावेळी पलीकडून निघाला. माझ्या डोळ्यांपुढे आता काजवे होते आणि काजव्यांपलीकडे बारा खांब.

मोत्या पहिल्या खांबापाशी आला आणि बसला. शिकवल्याप्रमाणे. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही.

मी खो दिला. छातीत हवा उरलेली नव्हती. जे निघालं तो खोकलाच होता. मोत्याने तोंड फिरवलं. पंचांनी हात वर न्यायला सुरुवात केली. मी सगळा जीव गोळा करून पुन्हा तोंड उघडलं, आणि आवाज आला.

माझा नव्हता.

"खो!"

दोरीबाहेर ही उभी होती. भिंत नाही, भाच्याचा खांदा नाही, छत्री आडवी पडलेली, आणि ही दोन्ही पायांवर ताठ, पदर कमरेला. तो आवाज मी त्रेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. परसातला तो नव्हेच. तो धुळ्याच्या मैदानावरचा होता. मोत्या सुटला. एक, दोन, चार, आठ. तिचं बोट हवेत नागमोडी फिरत होतं आणि मोत्या त्या बोटाला बांधल्यासारखा बारा खांबांतून वाहत गेला. पुढचा बांबू, शेवटचा बांबू, रेषा. मी अजून सातव्या खांबापाशी होतो.

टाळ्या झाल्या आणि लगोलग शिट्टीही. बाहेरून मदत घेतल्याबद्दल आम्ही बाद. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर शिट्टी वाजवली. पंच सज्जन होते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काका, कुत्रा तयार आहे. मेहनत तुमच्यावर हवी."

परतीला अंधार पडला होता. मोत्या हिच्या पायाशी झोपलेला. मालेगाव मागे पडलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. गुडघे दुखत असणार. ती दोन्ही हातांनी ते धरून बसली होती. मी विचारलं, "उभं राहताना दुखलं?"

"तेव्हा नाही. आता दुखतंय." मग थोड्या वेळाने, "ऑपरेशन झाल्यावर पळता येतं का हो?"

मी म्हणालो, "बघावं लागेल." मग ते उत्तर मलाच पुरेना. म्हटलं, "पळता येत नसेल फार. चालता येतं. जिना, देऊळ, सगळं. घाबरतेस का?"

"हो," ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. आणि लळिंग यायच्या आत म्हणाली, "उद्या त्या डॉक्टरांना फोन लावा. एकेक करून बदलू म्हणावं. आधी दोन काठ्या, मग चार."

आता उजवी वाटी बदलून झाली आहे, डावीची तारीख मिळाली आहे. सकाळी ती काठी घेऊन परसात जाते. मोत्या पुढे चार पावलं जातो, बसतो, आणि ती पोचेपर्यंत खो ची वाट बघतो. पुढच्या स्पर्धेच्या अर्जात धावणाऱ्याच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहायचं ठरवलं आहे. पळणार नाही, चालेन, कुत्रा काय ते पळेल, असं तिचं म्हणणं. मी माझं काम विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही दोरीबाहेर उभं राहून ओरडा."

पस्तीस वर्षं मी खिडकीमागे बसून दुसरं केलं तरी काय? खुंटीवरची शिट्टी मी उतरवून पुसून ठेवली आहे. आणि रोज संध्याकाळी मोत्याच्या भाकरीला तूप लावण्याचं काम आता माझ्याकडे आलं आहे. वाटी भरायला तो मला पाच मिनिटंही लावू देत नाही.